किली माशांची अंडी पुन्हा पुन्हा पांढरी पडतात? औषधाच्या बाटलीआधी हे तपासा

“काकू, परत सगळी पांढरी झाली.”

इंदूरच्या सुदामा नगरमधला कॉलेजात शिकणारा एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी हे सांगत आमच्या दारात उभा राहायचा. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात दोन बोटं निळं पाणी आणि तळाशी मोहरीएवढी वीस-पंचवीस अंडी. तीन-चार काचेसारखी स्वच्छ, बाकीची खडूसारखी पांढरी, कापसाच्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली. दर वेळी तो घरी जाऊन मेथिलीन ब्लूचे, म्हणजे बुरशीवरच्या निळ्या औषधाचे, दोन थेंब वाढवायचा. डब्यातलं पाणी शेवटी शाईसारखं झालं, अंडी मात्र तशीच मरत राहिली.

इंदुरात राहून किली मासे पाळायला लागून मला आता अकरा वर्षं झाली. अंडी मिळतात पण पिल्लं निघत नाहीत, ही तक्रार माझ्या घरी आणि ओळखीच्यांच्या घरी इतक्या वेळा निस्तरली आहे की तपासण्यांचा क्रम आता डोक्यात पक्का बसला आहे. आधी फुकट होणारं, मग शंभर-दोनशे रुपयांचं, मग वेळखाऊ, आणि सगळ्यात शेवटी औषध. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठ-दहा दिवस थांबा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि अंडी सुधारली, तर नेमकं काय चुकत होतं ते कळत नाही, आणि पुढच्या एप्रिलात तीच चूक परत होते.

नवीन माणसांसाठी थोडं आधी सांगते. किली या नावाचा इंग्रजीतल्या मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा, पाण्याचा चर. बाजारात सहज मिळणारा गोल्डन वंडर हा आपल्याच पश्चिम घाटातल्या अ‍ॅप्लोकायलस लिनिएटसचा पिवळा प्रकार. गार्डनेरी नायजेरिया-कॅमेरूनकडचा, लायरटेल म्हणतात तो ऑस्ट्राले गॅबॉनचा. हे तिन्ही झाडांवर किंवा मॉपवर (टाकीत लोंबवलेला धाग्यांचा झुबका) अंडी घालतात आणि अंडी पाण्यातच दोन-तीन आठवड्यांत उबतात. नोथोब्रँकियस या किलींच्या दुसऱ्या कुळाची गोष्ट वेगळी आहे, त्याची अंडी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) महिनोन्‌महिने ठेवावी लागतात. त्याच्याकडे शेवटी येते. पहिलीच जोडी घ्यायची असेल तर गोल्डन वंडर किंवा गार्डनेरी घ्या. इंदूरच्या पाण्यात आणि हवेत हे दोन सगळ्यात कमी त्रास देतात. फक्त दोघांना एका टाकीत ठेवू नका. गोल्डन वंडर दहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो.

लक्षणं: नेमकं काय होतंय?

“अंडी खराब होतात” एवढ्यावर काही कळत नाही. डबा खिडकीशी धरा, मोबाइलचा टॉर्च खालून लावा आणि यातलं कोणतं दिसतं ते बघा.

– मॉपवर अंडीच सापडत नाहीत, किंवा आठवड्याला दोन-तीनच.
– अंडी पहिल्या एक-दोन दिवसांतच पांढरी पडतात.
– अंडी आठवडाभर स्वच्छ राहतात, आत काळे ठिपके, डोळे दिसायला लागतात आणि मग मरतात.
– डोळे पूर्ण तयार, भोवती सोनेरी कडं, आत पिल्लू वळवळतंय, पण अंडं फुटत नाही.
– पिल्लू निघतं, पण तळाशी पोटावर सरपटत राहतं, पोहत वर येत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लक्षणातला फरक ओळखता आला की अर्धं काम झालं. एक-दोन दिवसांत पांढरं पडलेलं अंडं बहुतेक वेळा फळलेलंच, म्हणजे फलित झालेलंच, नसतं. म्हणजे दोष जोडीत, टाकीच्या पाण्यात किंवा उष्णतेत आहे, अंड्यांच्या डब्यात नाही. डोळे येऊन मग मेलेलं अंडं फळलेलं होतं, त्याला डब्यात काहीतरी बाधलं. मेथिलीन ब्लू बुरशीला आवरतं. न फळलेल्या अंड्यात ते जीव घालू शकत नाही. सुदामा नगरच्या मुलाची सगळी अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडत होती, आणि तो उपाय करत होता डब्यात.

फुकटच्या तपासण्या

पांढरं अंडं दिसलं की त्याच दिवशी काढा. यात आळस झाला की बाकी सगळं फुकट जातं. बुरशी मेलेल्या अंड्यावर वाढते, पण तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्याला वेढतात, आणि तीन दिवसांत चांगली अंडीही गुदमरतात. मी सकाळचा चहा गॅसवर ठेवते आणि उकळी येईपर्यंत ड्रॉपरने डबे साफ करते. दोन मिनिटांचं काम आहे. अंडी एकमेकांना टेकू देऊ नका. एका श्रीखंडाच्या डब्यात तीस-चाळीसपेक्षा जास्त नकोत. डब्यातलं पाणी दर तीन दिवसांनी अर्धं बदला, त्याच तापमानाचं. तिसऱ्या लक्षणाची, म्हणजे डोळे येऊन मरणाऱ्या अंड्यांची, निम्म्याहून जास्त प्रकरणं माझ्याकडे एवढ्यानेच मिटली आहेत.

निळं औषध घालायचं तर इतकंच घाला की पाण्यातून डब्याचा तळ स्पष्ट दिसेल. डोळे तयार झाले की साध्या पाण्यात हलवा. आणि हे औषध मोठ्या टाकीत कधीच ओतू नका, स्पंज फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि मग माशांचंच पाणी बिघडतं.

अंडी काढायची वेळ आणि हात. ताजं अंडं मऊ असतं, काही तासांनी त्याचं कवच घट्ट होतं. सकाळी घातलेली अंडी मी संध्याकाळी काढते. चांगलं अंडं बोटांच्या चिमटीत हलकेच फिरवलं तरी फुटत नाही, छोट्या रबरी मण्यासारखं लागतं. चिमटीत पिचकलं तर ते आधीपासूनच मेलेलं होतं, तुमच्या हाताने मेलं नाही. नव्या माणसांना याची फार भीती वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. मॉप पिळून घ्या, उजेडात धरा आणि एकेक धागा बाजूला करत बघा. अंड्याला बारीक चिकट तंतू असतात, ते लोकरीला धरून बसतात. ओढल्यावर तंतू ताणला जाऊन सुटतो, तो सुटताना बोटाला जाणवतो.

मॉपवर अंडीच नसतील तर तीन गोष्टी बघा. मासे तीन-चार महिन्यांचे झालेत का? एका नराबरोबर दोन माद्या आहेत का? एकच मादी असेल तर नर तिला इतका पिटाळतो की ती कोपऱ्यात पंख मिटून बसते आणि अंडी धरतच नाही. आणि मॉप किती दिवसांनी बघता? रोज किंवा एक दिवसाआड बघा, नाहीतर आई-वडीलच अंडी खातात, गोल्डन वंडर तर हमखास. नर-माद्या आठवडाभर वेगळ्या ठेवून, चांगलं खाऊ घालून एकत्र सोडल्या की पहिल्या दोन दिवसांत भरपूर अंडी मिळतात.

चौथं लक्षण, तयार असून न फुटणारं अंडं. हा बिघाड नाही, पिल्लू आत थांबलेलं असतं. पाण्यातला प्राणवायू थोडा कमी झाला की ते कवच फोडायला लागतं. अशी अंडी छोट्या झाकणाच्या बाटलीत घाला, वर जरा थंड ताजं पाणी, चिमटीच्या टोकावर मावेल एवढी माशांच्या खाण्याची पूड, आणि बाटली शर्टाच्या खिशात ठेवून तासभर घरात कामं करा. शरीराची ऊब आणि हलणं दोन्ही कामाला येतं. मी ओट्याशी पोळ्या लाटताना ओढणीच्या गाठीत बाटली बांधते. पोळ्या संपेपर्यंत पाच-सहा पिल्लं बाटलीत तरंगत असतात. ती निघाली की लगेच पसरट भांड्यात, उथळ पाण्यात सोडा, पूड घातलेल्या पाण्यात राहू देऊ नका.

मात्र दिवस मोजताना तापमान लक्षात घ्या. २४ अंशांवर गार्डनेरीला साधारण दोन ते अडीच आठवडे लागतात. आपल्याकडे जानेवारीत खोली १६-१७ वर आली की तेच अंडं महिना घेऊ शकतं. ते मेलेलं नाही. स्वच्छ दिसतंय तोवर टाकू नका.

थर्मामीटर घ्या

इंदूरची तक्रार मार्चच्या शेवटी सुरू होते आणि पहिल्या पावसानंतर आपोआप थांबते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. वहीत तारखा लिहायची सवय होती म्हणून कळलं. शंभर-दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि दुपारी चार वाजता आणि पहाटे, दोन्ही वेळी आकडा लिहा. फक्त सकाळचं बघाल तर फसाल. माळव्यातल्या रात्रींचा गारवा प्रसिद्धच आहे, मेमध्येसुद्धा पहाटे पाणी २६ दाखवतं, आणि दुपारी गच्चीखालच्या खोलीत तीच टाकी ३२ वर गेलेली असते.

गार्डनेरी आणि ऑस्ट्राले २२ ते २५ अंशांचे मासे. २८ च्या वर पाणी रोज जायला लागलं की मासे मरत नाहीत, रंगही चांगला दिसतो, अंडीही मिळतात, पण अंडी फळत नाहीत. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही, मासे ठणठणीत दिसतात ना. गोल्डन वंडर २८ सहज सोसतो, म्हणून एकाच घरात त्याची अंडी चांगली आणि गार्डनेरीची पांढरी असं झालं तर पहिला संशय उष्णतेवर घ्या.

उपाय स्वस्त आहेत. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर करा, वरच्या मजल्यावरून खाली आणा, शक्य तर जमिनीलगत ठेवा. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा (उघडं ठेवू नका, किली उडी मारतो, बोटभर फट त्याला पुरते) आणि जाळीवर तिरका छोटा पंखा लावा. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, पाणी उडतं आणि टाकी तीन-चार अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भरती मात्र आरओच्या पाण्याने करा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि नळाचंच पाणी घालत गेलात तर महिन्याभरात टाकी खारट होत जाते.

अंड्यांचे डबे मी माठाच्या तिवईपाशी, मातीच्या परातीत पाणी घालून ठेवते, वर ओलं फडकं. खोलीत ३३ असताना तिथे २७ असतं. फ्रिजवर डबे ठेवू नका. तिथे गार असेल असं वाटतं, पण फ्रिजच्या मागून आणि वरून गरम हवा निघते. माझ्या एका मैत्रिणीने पूर्ण एप्रिलची अंडी तिथे घालवली.

मॉपची लोकर

माझा पहिला मॉप मी सासूबाईंच्या विणकामाच्या पिशवीतल्या हिरव्या लोकरीचा केला होता. सुंदर, मऊ लोकर. आठवड्यात पाणी हिरवट, मॉप बुळबुळीत, आणि त्याला वास. सासूबाईंनी त्या धाग्याचं टोक बशीत धरून काडी लावली. जळून राख झाली आणि केस जळल्यासारखा वास आला. “अगं, ही अस्सल लोकर आहे, पाण्यात कुजणारच,” त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या गुंडीचा धागा पेटवला, तो वितळून टोकाला कडक काळा मणी झाला. ते अ‍ॅक्रेलिक. मॉपला तेच लागतं. गडद हिरवं किंवा काळं घ्या, दोनदा उकळा, पाणी रंगीत आलं तर तिसऱ्यांदा उकळा. जळण्याची ही चाचणी मोरीत, बशीवर करा, मुलांना दूर ठेवून.

वरच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा बांधा म्हणजे मॉप पृष्ठभागाला लोंबत राहील. दर महिन्याला परत उकळा. एवढं पुरे.

पाणी: इंदूरचं खरं दुखणं

इथे जरा थांबून वाचा.

आपल्या नळाला येतं ते नर्मदेचं पाणी. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून आणलेलं. माझ्याकडे त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, २०० ते २५० भरतो. गार्डनेरीला आणि गोल्डन वंडरला ते चालतं. पण नळ एक दिवसाआड येतो, म्हणून घरोघरी हौद. आणि उन्हाळ्यात हौद भरला नाही की त्याच हौदात बोअरिंगचं पाणी सोडतात. माळव्याखाली काळा बेसॉल्ट खडक आहे, त्यातून वर येणारं पाणी जड असतं.

सुदामा नगरच्या मुलाकडे मी शेवटी स्वतः गेले. टाकी स्वच्छ, मासे छान, तापमान २५, पंखा लावलेला. मॉप अ‍ॅक्रेलिकचा. त्याने सगळं नीट केलं होतं. पर्समधून टीडीएसचं पेन काढून टाकीत बुडवलं, आकडा ६४० वर जाऊन थांबला. त्याला वाटलं पेन खराब आहे. स्वयंपाकघरातल्या आरओच्या ग्लासात बुडवलं तर ४५. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, “होळीपासून आम्ही बोअरिंग चालू केलंय ना, हौदात दोन्ही पाणी येतं.” मुलगा आईकडे बघतच राहिला. डिसेंबरात त्याच जोडीची वीसपैकी सतरा अंडी फळली होती, आणि तेव्हापासून त्याने टाकीत काहीच बदललं नव्हतं. पाणी त्याच्या नकळत हौदातच बदललं होतं.

जड पाण्यात अंडी फळण्याचं प्रमाण घटतं, कवच अवेळी कडक होतं, आणि गॅबॉन-कॅमेरूनच्या पर्जन्यवनातल्या मऊ पाण्याचे ऑस्ट्रालेसारखे मासे तर जवळजवळ अंडी देणंच सोडतात. पेन दोनशे-तीनशे रुपयांना मिळतं. ते क्षारांचा एकूण आकडा दाखवतं, पाण्याचा जडपणा वेगळा मोजत नाही, पण नळ आणि बोअरिंग ओळखायला पुरतं.

त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तीन भाग आरओ, एक भाग हौदाचं पाणी. त्याच्या आकड्यांनी ते १९० च्या आसपास आलं. पण एकदम सगळं पाणी बदलायचं नाही. दर तीन दिवसांनी टाकीच्या पाव भाग, असं दोन-अडीच आठवडे. जड पाण्यातल्या माशाला एकदम मऊ पाण्यात टाकलं तर अंगात क्षार-पाण्याचा तोल बिघडून तो मरू शकतो. निव्वळ आरओचं पाणीही नको, त्यात आम्लता टिकत नाही, कमी-जास्त होत राहते. आणि आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका. काटकसर म्हणून लोक घालतात, पण गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते पाणी फरशी पुसायला ठीक.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो डबा घेऊन आला. या वेळी पाणी जेमतेम निळसर, आणि टॉर्चवर धरल्यावर सोळा अंड्यांतून डोळ्यांच्या जोड्या आमच्याकडे बघत होत्या.

पावसाळ्यात उलट गोष्ट बघायची. नदी गढूळ होते, शुद्धीकरणात क्लोरीन वाढतं, नळाला वास येतो. पाणी बादलीत एअरपंप लावून चोवीस तास ठेवा, किंवा मत्स्यालयाच्या दुकानातलं अँटिक्लोरीन पाकिटावरच्या मापाने घाला. देशी बदामाची वाळकी पानं, झाडावरून गळलेली, धुऊन दोन-तीन टाका. पाणी चहासारखं होतं, बुरशी थोडी आवरली जाते आणि माशांना ते मानवतं.

खाणं

नुसत्या कोरड्या दाण्यांवर मासा जगतो, पण मादी भरत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी जिवंत खाणं हवं: मोइना (पाण्यातले बारीक किडे), ग्रिंडल वर्म (बारीक पांढऱ्या अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी), नाहीतर गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). डासांच्या अळ्या माशांना फार आवडतात, तरी त्या घरी वाढवू नका. एक दिवस काढायला विसरलात तर शेजाऱ्यांच्या मुलाला डेंग्यू होईल. तलावातून जाळीने मोइना आणत असाल तर बशीत पसरून निवडा, त्यात हायड्रा आणि चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लं खातात.

गार्डनेरीची पिल्लं पहिल्या दिवसापासून ताजं उबलेलं आर्टेमिया खातात. ते उबवायला लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २६-२७ अंश, तळापासून जोरात हवा, आणि २४ ते ३६ तास. अंडी उबवण्याआधी आर्टेमिया उबवता येतं का हे बघून घ्या. पिल्लं निघाल्यावर शिकायला वेळ नसतो.

मादी कुणाची आहे?

सगळं ठीक असून एकही अंडं फळत नसेल तर मादी बदलायची वेळ आली. हे सगळ्यात जिवावर येतं, म्हणून इतक्या खाली ठेवलं. किलीचे नर झगझगीत आणि वेगवेगळे, माद्या मात्र बहुतेक तपकिरी आणि एकसारख्या. दुकानात दोन-तीन जाती एका टाकीत असल्या की नराबरोबर भलतीच मादी पिशवीत येते. एकाच गार्डनेरीतसुद्धा अकुरे, न्सुक्का, जोस पठार अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्त्या आहेत, आणि त्यांच्या मिश्र जोडीची अंडी पुष्कळदा फळत नाहीत, फळली तर पुढची पिढी वांझ निघू शकते. म्हणून पाळणारे डब्यावर जातीबरोबर गावाचंही नाव लिहितात. शक्य तर एकाच पालकाच्या घरची सहा-आठ पिल्लं एकत्र घ्या आणि स्वतः वाढवा. वेगवेगळ्या ठिकाणचे मासे एका टाकीत वाढवू नका, कुणाला देताना ठिकाण सांगितल्याशिवाय देऊ नका.

नोथोब्रँकियसवाल्यांसाठी

गुंथेरी हा नोथोब्रँकियस झांझिबारचा. पावसाच्या डबक्यात जन्मतो, डबकं आटण्याआधी मातीत अंडी घालून मरतो. या कुळातल्या फर्झरी जातीचे मासे मोझांबिकच्या डबक्यांत अंड्यातून निघाल्यावर अवघ्या १४ दिवसांत वयात आलेले अभ्यासकांना आढळले, हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. इतकी घाई ज्याला करावी लागते, त्याची अंडी मात्र धीर धरणारी. अंड्यातली वाढ तीन ठरावीक टप्प्यांवर थांबू शकते आणि सगळी अंडी एकाच वेळी थांबत किंवा निघत नाहीत. एका पावसाने दगा दिला तरी दुसऱ्यासाठी काही शिल्लक राहावीत म्हणून.

त्यामुळे “कोकोपीट भिजवलं, काहीच निघालं नाही” ही तक्रार आली तर ते टाकून देऊ नका. आधी कोकोपीट बघा. बाजारातलं कोकोपीट बऱ्याचदा खाऱ्या पाण्यातून आलेलं असतं, टीडीएस उतरेपर्यंत धुवा, उकळा. अंडी असलेलं पीट पिळून, पिशवीत बंद करताना मुठीत दाबून बघा. गोळा व्हावा पण थेंब पडू नये. ओलं राहिलं तर अंडी पहिल्याच टप्प्यावर अडतात किंवा कुजतात, सुकलं तर खळगा पडून मरतात. २४-२५ अंशांवर गुंथेरीला अडीच-तीन महिने. मग चिमूटभर पीट बशीत पसरून डोळे दिसतात का बघा. डोळे नसतील तर पाणी घालूच नका. घालून काही निघालं नाही, तर पीट परत पिळा, तीन आठवडे ठेवा, परत भिजवा. मला तिसऱ्या भिजवणीत पिल्लं मिळाली आहेत.

पोटावर सरपटणारी पिल्लं यांच्यात जास्त. त्यांच्या हवेच्या पिशवीत हवा भरलेली नसते. भिजवताना पाणी १८ अंशांच्या आसपास गार आणि दोन-तीन सेंटीमीटरच खोल ठेवा, म्हणजे पिल्लू सहज वर पोचतं. फार उशिरा भिजवलेल्या अंड्यांतूनही अशी पिल्लं येतात. दोन-तीन दिवसांत जी पोहायला लागत नाहीत, ती लागतच नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खोलीत अंधार करून माशावर तिरका टॉर्च मारा. अंगावर सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसली, मासा दगडाला अंग घासत असेल, तर तो व्हेल्व्हेट नावाचा रोग. हा परजीवी उजेडावरही जगतो, म्हणून टाकी कापडाने झाका, पाच लिटरला एक लहान चमचा आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून घाला. तीन दिवसांत उतार नाही तर तांब्याचं औषध लागेल, आणि ते अंदाजाने घालू नका. मऊ पाण्यात तांबं माशालाच मारतं. इथे माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला घ्या. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून मासे बघतात का, नमुना कसा आणायचा, हे विचारून घ्या.

हीटर किंवा पंप लावलेल्या टाकीत बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टेप गुंडाळून चालवू नका. अर्थिंग तपासेपर्यंत टाकीला हात नाही.

मासे एकामागून एक वाळत चालले, पाठीचा कणा वाकडा, अंगावर न भरणाऱ्या जखमा, तर अंड्यांचा विचार सोडा. हे माशांच्या क्षयाचं लक्षण असू शकतं, आणि त्याचे जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरू शकतात. त्या टाकीतला मासा, मॉप, जाळी, काही कुणाला देऊ नका, आणि मासे सिरपूर तलावात तर मुळीच सोडू नका. ती २०२२ पासून रामसर यादीतली, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली, जागा आहे, निरोगी किलीसुद्धा तिथे सोडायचा नसतो. तुमच्या हातावर किंवा बोटाच्या पेरावर बरी न होणारी गाठ किंवा फोड आला असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि घरात माशांची टाकी आहे हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आणि हे कळल्याशिवाय योग्य तपासणी राहून जाते. तोवर टाकीत हात घालायचा तर कोपरापर्यंत रबरी हातमोजा घालून.